घरट्यातलं ऊन

"ह्या घरट्यात ऊन कुठून आलं?"

पुष्कर हसला. अक्का फोटो बघताहेत, याच आनंदात तो मघापासून हसत होता.

"ऊन नाही अक्का, लाइट. त्या लाइटसाठीच तर बक्षीस मिळालं."

"बरं, लाइट. तो कुठून आला?"

"पूर्वेकडून."

अक्कांनी मान डोलावली. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगायला कुणीतरी इतक्या लांबून आलं, याचं समाधान वाटावं तशी.

फोटो मठीच्या भिंतीला टेकवून उभा केला होता. दोन्ही हात पसरल्याशिवाय उचलता येऊ नये एवढा मोठा, काळ्या चौकटीत, काचेखाली. बारीक फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं. घरट्यातून वर आलेल्या पिल्लांच्या बोडक्या माना. आणि त्यांच्यावर पंख अर्धवट उघडून, चोच वासून उभी असलेली स्वर्गीय नर्तक ह्या पाखराची मादी. तांबूस पाठ, काळा तुरा. सगळ्यावर सोनं ओतल्यासारखा प्रकाश.

हा फोटो पुष्करने पाठीवर बांधून टेकडी चढून आणला होता. परवा शहरात त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन उघडणार होतं आणि दारातून आत शिरताच समोर दिसणार होता तो हाच फोटो, भिंतभर. ही लहान प्रत अक्कांसाठी.

अक्का टेकडीवरच्या झऱ्यापाशी राहायच्या. एका खोलीची मठी, समोर अंगण, अंगणाच्या कडेला भाजीचे वाफे. त्या प्रवचन करत नसत. कुणी पाया पडू लागलं तर "कमरेला व्यायाम होतो, पड" म्हणत. कॉलेजात असताना पुष्कर मित्रांबरोबर भटकत इथे आला होता आणि मित्र उतरून गेल्यावरही राहिला होता. "काय करू?" असं त्याने विचारल्यावर अक्कांनी झऱ्याकडे बोट दाखवलं होतं. "तिथं बस."

तो बसला होता. आधी मुंग्या आल्या, मग धीर आला, मग कुठे संध्याकाळी एक भेकर पाण्यावर आलं. पुष्करजवळ तेव्हा कॅमेरा नव्हता. आता मुलाखतींत तो सांगायचा, 'मी फोटो काढायला शिकलो ते कॅमेऱ्यावर नाही, अक्कांच्या झऱ्यावर.' वाक्य चांगलं होतं. छापूनही चांगलं यायचं.

"अक्का, तुम्ही एवढ्या लांब येणार नाही, माहीत आहे मला. फक्त ह्या फोटोबद्दल दोन शब्द बोला. मी मोबाइलवर घेतो. उद्घाटनाला ऐकवीन सगळ्यांना."

"दोन शब्द?"

"दोनच."

"सुचले की सांगते."

आणि त्या पुन्हा फोटोकडे बघत बसल्या.

...

खालच्या वाडीतले धर्मातात्या दळणाची पिशवी घेऊन वर आले. त्यांच्या मागे त्यांची शेळी. शेळीला कुणी बोलावलेलं नसायचं, पण ती यायची.

"आयला!" तात्यांनी पिशवी तशीच खांद्यावर ठेवून फोटोसमोर बैठक मारली. "हे तर जित्तंच आहे की रे पुष्कर! आणि गातंय बघ कसं, चोच वासून. पिल्लांना गाणं म्हणतंय."

"नावच ते दिलंय तात्या. 'अंगाई'."

"वा! आई ती आईच. मग पाखराची का असेना." तात्यांचे डोळे खरोखर पाणावले. पुष्करला बरं वाटलं. परीक्षकांनी नेमकं हेच लिहिलं होतं, जरा अवघड शब्दांत.

"माझा पण एक काढ की," तात्या म्हणाले. "मागल्या वेळचा बरा नाही आला. म्हातारा वाटतो त्यात."

"तात्या, तुम्ही म्हातारे आहात."

"असेन. पण वाटायला कशाला पाहिजे?"

पुष्कर मोठ्याने हसला. अक्का हसल्या नाहीत. त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या होत्या. काचेवर बोट न टेकवता त्यांनी घरट्याभोवती हवेत एक गोल काढला.

"पुष्कर, झाडातलं ऊन कसं पडतं?"

"म्हणजे?"

"ठिपक्याठिपक्यांनी पडतं. हे ठिपके नाहीत. हे ओतलंय."

पुष्करने चौकटीवरची नसलेली धूळ झटकली.

"ते... एडिटिंगमध्ये जरा उजळ केलंय अक्का. कॉम्प्युटरवर."

हे खोटं होतं. एरवी कुणी त्याच्या फोटोला 'एडिट केलाय' म्हटलं, तर तो भांडायला उठायचा. ह्या फोटोत प्रकाशाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. स्पर्धेच्या व्यासपीठावर ताठ मानेने तसं सांगितलंही होतं. आज पहिल्यांदा, कुणी आरोप केलेला नसताना, त्याने तो स्वतःवर ओढून घेतला होता. का, हे त्याला ठाऊक होतं.

"अच्छा," अक्का म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर."

"कॅमेराच तसा आहे आता," पुष्कर घाईघाईने बोलू लागला. बोलत राहिलं की बरं असतं. त्याने पिशवीतून कॅमेरा काढला. "हा बघा. अजिबात आवाज नाही. बटण दाबून धरलं की एका दमात ढीगभर फोटो. आणि सगळ्यात भारी म्हणजे पाखराचा डोळा हा आपण होऊन शोधतो. पाखरू हललं, मान फिरवली, उडालं तरी ह्याची पकड डोळ्यावरून सुटत नाही."

"हा डोळा शोधतो?"

"हो!"

"आणि तो डोळा काय शोधतोय, ते?"

पुष्करने कॅमेऱ्याची झाकणी उगाच लावली, काढली.

"तू कुठं बसला होतास तेव्हा?" अक्कांनी विचारलं.

"आडोशाला. एक छोटा तंबू असतो आमचा, झाडोऱ्याच्या रंगाचा. त्यात बसायचं. पाखराला आपण दिसत नाही, त्रास होत नाही."

"कापडाचा?"

"जाड कापडाचा."

"म्हणजे सावलीत होतास."

"...हो."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "मे महिन्यातलं ऊन वाईट."

मे महिना हे पुष्करने त्यांना सांगितलं नव्हतं. पण विणीचा हंगाम कुठला ते टेकडीवर राहणाऱ्या कुणालाही कळतं. त्यात नवल नव्हतं. तरी पुष्करने कपाळ पुसलं.

...

अक्का उठून अंगणाच्या कडेला गेल्या. तिथूनच त्यांचा आवाज आला.

"टोप्या कुठं गेल्या?"

पुष्करच्या लक्षात आलं, आणि लक्षात येताच तो जागच्या जागी बसून राहिला.

अक्कांनी परवाच वांग्याची रोपं वाफ्यात लावली होती. नवी रोपं मुळं धरेपर्यंत ऑक्टोबरचं ऊन सोसत नाहीत, म्हणून प्रत्येक रोपावर पळसाचं एकेक पान, खाली काडीचा टेकू देऊन, टोपीसारखं पालथं घातलेलं होतं. पहाटे पुष्कर वर पोचला तेव्हा अक्का झऱ्यावर होत्या. त्याने सहज एक टोपी उचलून पाहिली. खाली इवलं रोप, आणि पानाच्या कडेला दवाचे थेंब. असा प्रकाश रोज मिळत नाही. त्याने दुसरी टोपी उचलली, मग तिसरी. मग सगळीच. मोकळ्या वाफ्यात रोपांची रांग फार सुंदर दिसली. पानं त्याने व्यवस्थित एकावर एक रचून कुंपणापाशी ठेवली. तो काही बेफिकीर माणूस नव्हता. तेवढ्यात अक्कांनी चहाला हाक मारली.

आता ऊन डोक्यावर येऊ लागलं होतं. रोपांनी माना टाकल्या होत्या.

"वारा..." पुष्कर म्हणाला. "सकाळी वारं सुटलं होतं ना. त्याने उडाली असतील."

"वारं," अक्का म्हणाल्या. नुसत्या म्हणाल्या.

"कसलं वारं!" तात्या कुंपणापाशी ओरडले. "ही बघा चोरटी!"

शेळी कुंपणाला पाठ लावून उभी होती. शेवटच्या पळसपानाचं देठ तिच्या तोंडाबाहेर राहिलं होतं आणि ते रवंथाच्या तालावर वरखाली होत होतं. तिच्या चेहऱ्यावर कसलाही अपराध नव्हता.

"अक्कांच्या रोपांवरची पानं खातेस? खातेस?" तात्यांनी काठी उचलली. एक रट्टा शेळीच्या पाठीत बसला. शेळी कळवळून ओरडली, पण पळाली नाही. आपल्याला का मारतात हे न कळून ती तात्यांकडेच बघत राहिली.



पुष्करने अक्कांकडे पाहिलं. अक्का शेळीकडे बघत नव्हत्या, तात्यांकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडेही बघत नव्हत्या. खाली वाकून एका रोपाला ओंजळीने पाणी घालत होत्या.

काठी दुसऱ्यांदा वर गेली.

"तात्या, नका मारू तिला!" पुष्करचा आवाज चिरकला. "मी काढली पानं."

काठी हवेतच राहिली. "तू? कशाला?"

"फोटोला."

"वांग्याच्या रोपाचा फोटो?"

"दवाचा."

तात्यांनी काठी टाकली, शेळीजवळ गेले आणि तिची पाठ चोळू लागले. "ऐकलंस का गं? दवाचा फोटो." मग पुष्करकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काढली तर काढलीस रे. परत ठेवायची की."

"ठेवणारच होतो."

हे शब्द तोंडातून निघाले आणि पुष्करला ते ओळखीचे वाटले. हेच शब्द, ह्याच सुरात, तो याआधी एकदा बोलला होता. गाडीत, एकटाच, मे महिन्यात.

"मघाशी वारं म्हणालास ते?" तात्या म्हणाले.

पुष्करने मान खाली घातली. कान तापले. दर महिन्याला तो पोरांची शिबिरं घ्यायचा. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याने कसं वागावं यावर त्याचं एक व्याख्यान होतं. ते ऐकून पोरं त्याच्या पाया पडत. आणि इथे त्याने एका मुक्या जनावराला आपल्या वाट्याचा मार खाऊ दिला होता. वांग्याच्या रोपांसाठीसुद्धा नव्हे. आपण अक्कांच्या नजरेतून उतरू नये, एवढ्यासाठी.

"तात्या, पानं आणता का थोडी?" अक्का म्हणाल्या. "ओढ्याकडच्या पळसाची."

"आत्ता आणतो." तात्या निघाले. शेळी त्यांच्या मागे निघाली. मघाचा मार ती विसरली होती.

...

"तात्या येईस्तोवर ही टिकायची नाहीत," अक्का म्हणाल्या.

त्यांनी अंगावरची शाल काढली. तिची दोन टोकं कुंपणाच्या मेढींना बांधली, दोन समोरच्या काठ्यांना. अर्धा वाफा झाकला गेला. उरलेला अर्धा उन्हातच राहिला. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या मठीकडे गेल्या आणि पुष्करचा फोटो दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या.

"हा चालेल?"

पुष्करला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने धावत जाऊन फोटो त्यांच्या हातून घेतला. तो जड होता, आणि अक्का म्हाताऱ्या होत्या.

दोन दगडांवर आडवा ठेवून त्याने पाहिला. ऊन तिरपं येत होतं, सावली वाफ्याबाहेर पडत होती. फोटो तिरका धरला की ती बरोबर रोपांवर यायची. पण तिरका तो आपण होऊन राहत नव्हता. दगडाचा टेकू दिला, घसरला. काठी लावली, भुसभुशीत मातीत रुतली.

"धरावा लागेल," पुष्कर म्हणाला.

"तसंच दिसतंय," अक्का म्हणाल्या, आणि पाणी आणायला झऱ्याकडे गेल्या.

वाफ्याच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून, कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून पुष्करने फोटो रोपांवर धरला. चित्राची बाजू वर. ऊन त्याच्या पाठीवर आलं, मानेवर आलं. सुरुवातीला त्याला बरंच वाटलं. काहीतरी भरपाई होतेय असं. मग खांदे दुखू लागले. मग घामाचा थेंब काचेवर पडला आणि घरट्याच्या कडेने ओघळत गेला.

काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. बरोबर त्या पाखराच्या चेहऱ्यावर.

पाखराचे पंख अर्धवट उघडलेले. त्याचे हात पसरलेले.

पाखराची चोच वासलेली... त्याने पाहिलं, त्याचं तोंडही उघडं होतं. नाकाने श्वास पुरत नव्हता. तो धापा टाकत होता.

पुष्करने ओठ मिटून पाहिले. मिटले जाईनात.

...

अक्का पाणी घेऊन आल्या. पाणी त्यांनी त्याला दिलं नाही. रोपांना घातलं, एकेका रोपाला, ओंजळीने.

"अक्का."

"हं."

"ते एडिटिंग नाही."

"हं."

"घरट्याच्या वर एक फांदी होती. पानांनी भरलेली. आत काहीच दिसत नव्हतं." तो धापांमधून बोलत होता. "बाकीचे लोक सरळ कापतात, अक्का. मी नाही कापत. मी पोरांनाही सांगतो, पान तोडायचं नाही. फांदी अलगद मागे घ्यायची, दोरीने बांधायची आणि काम झालं की सोडायची. मी बांधली फक्त."

अक्कांची ओंजळ पुढच्या रोपावर गेली.

"फांदी बांधली तसं ऊन थेट घरट्यात आलं. असं... ओतल्यासारखं. मला तर वेड लागायची पाळी आली. थोड्या वेळाने ती आली. पिल्लांवर उभी राहिली. पंख उघडले. चोच उघडली. मिटेचना. मी बटण दाबून धरलं. मला वाटलं, काय पोझ देतेय..."

तो थांबला. फोटो त्याच्या हातात हलला, सावली सरकली, एका रोपावर ऊन आलं. त्याने घाईने फोटो सावरला.

"ती गात नव्हती," पुष्कर म्हणाला. "धापा टाकत होती, पिल्लांवर सावली धरून."

ओंजळ थांबली नाही.

"मला तिथंच कळलं होतं. थोडंसं. मोठं करून पाहिलं तेव्हा डोळा दिसला तिचा. पण फोटो इतका सुंदर होता... मी मनात म्हटलं, आणखी थोडा वेळ. मग ऊन चढलं. ऊन चढलं की लाइट कडक होतो, फोटो पांढरेफटक येतात, म्हणून आम्ही आवरतो. मी तंबू गुंडाळला आणि निघालो."

"आणि फांदी?"



वरून एक घार गेली. तिची सावली काचेवरून सरकली आणि पुष्करने नकळत फोटो अंगाशी ओढला.

"सोडणारच होतो," तो म्हणाला. "गाडीत बसल्यावर आठवलं. रस्ता वाईट होता. म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. रात्री घरी फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला, मित्रांना पाठवला. सगळे वेडे झाले. सकाळी फोन येत राहिले..."

"गेलास परत?"

"नाही."

"पिल्लं?"

"माहीत नाही." मग फोटो पुन्हा सावरत, "माहीत करून घेतलं नाही."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा इतक्या सरळ शब्दांत नाही. बक्षीस घेताना त्याने आईला व्यासपीठावर बोलावलं होतं आणि हा फोटो तिला अर्पण केला होता. आई रडली होती. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर कुठल्याशा फांदीला बांधलेली आपली निळी दोरी आली होती. तेव्हा त्याने आणखी जोरात हसून घेतलं होतं.

आता हसता येत नव्हतं. रडताही येत नव्हतं. हात गुंतलेले होते. नाकातून पाणी आलं ते पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

"परवा प्रदर्शन आहे," तो म्हणाला. "काढून टाकू का हा फोटो?"

अक्कांनी कळशीतलं शेवटचं पाणी ओंजळीत घेतलं.

"की राहू दे, आणि खाली खरं काय ते लिहू?"

अक्कांनी रिकामी कळशी उचलली, पुन्हा झऱ्यावर गेल्या, भरून घेऊन आल्या. पुष्कर तसाच उभा होता. ऊन किंचित सरकलं होतं. त्याच्या लक्षात येण्याआधीच त्याचे हात उन्हामागोमाग सरकले होते.

"बक्षीस परत करू?"

कळशी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"शिबिरं बंद करतो. पोरांना सांगतो सगळं. कॅमेरा विकून टाकतो, अक्का. तुम्ही म्हणाल ते करतो. आत्ता, इथून उतरल्या उतरल्या. फक्त सांगा काय करू. ह्यातून सुटायचं कसं, तेवढं सांगा."

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता.

"हात दुखताहेत?"

"खूप."

अक्कांनी मान हलवली आणि शालीखालच्या रोपांकडे वळल्या. तिकडची रोपं सावरली होती. एकाने तर मान उचललीसुद्धा होती. फोटोखालची मात्र अजून तशीच पडलेली होती. ती जगणार की नाहीत, हे इतक्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

पुष्करने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. वाट वळणापर्यंत रिकामी होती. तात्यांचा पत्ता नव्हता. चौकटीचा काठ बोटांत रुतत होता. थेंब थेंब घाम काचेवर पडत होता, आणि प्रत्येक थेंबाखाली ती वासलेली चोच जराशी मोठी होऊन दिसत होती.

"तुम्ही दोन शब्द तरी बोला," तो कसाबसा म्हणाला.

अक्का त्याच्यासमोर, वाफ्याच्या कडेला, मातीत खाली बसल्या. पदराने त्यांनी काचेवरचा घाम पुसला. हळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. घरट्यावरची मादी पुन्हा लख्ख दिसू लागली.

"अक्का... आता नाही जमत." पुष्कर म्हणाला. "खाली ठेवू?"

अक्कांनी काचेवरचा हात काढून घेतला.

"तिला विचार."